सस्पेंड झालेलं गुगल प्रोफाइल परत मिळवताना: आधी पाटी, मग कागद, शेवटी अपील

गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगल मॅप आणि सर्चवर दिसणारं दुकानाचं पान, गुगलने सस्पेंड केल्याची म्हणजे रोखल्याची मेल आली की बहुतेक दुकानदार घाबरून दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर दिसेल ते बटण दाबून लगेच अपील टाकतात, नाही तर त्याच नावाचं, त्याच पत्त्यावर दुसरं प्रोफाइल उघडतात. दोन्हींनी काम बिघडतं. अपील पाठवल्यावर पुरावे जोडायला मोजून एक तास मिळतो. कागद हाताशी नसताना तो तास सुरू झाला की अपील पुराव्याविनाच तपासलं जातं. आणि नवं प्रोफाइल उघडलं तर ते डुप्लिकेट ठरून जुन्याचं प्रकरण आणखी गुंततं. वर्षानुवर्षं जमवलेले रिव्ह्यू जुन्या प्रोफाइललाच चिकटलेले असतात, ते नव्यावर येत नाहीत.

म्हणून कामाचा क्रम उलटा ठेवा. अपील अगदी शेवटी. त्याआधी दुकानाची पाटी, सरकारी कागद आणि प्रोफाइल ही तिन्ही एकच नाव आणि एकच पत्ता सांगतात का, ते जुळवून घ्या. तपासणारा माणूस असो वा यंत्रणा, तिला तुमचं दुकान ठाऊक नाही. तिच्यापुढे येतात ते फक्त हे तीन साक्षीदार.

नेमकं झालंय काय, ते आधी ओळखा

‘मॅपवर दिसत नाही’ म्हणजे सस्पेंडच झालं, असं नाही. ज्या जीमेलवर प्रोफाइल आहे त्यानेच लॉगिन करा आणि गुगलवर आपल्या धंद्याचं नाव शोधा. घरात दोन-तीन जीमेल असतात आणि माणूस भलत्याच खात्यातून शोधत बसतो, हे फार वेळा घडतं.

प्रोफाइल सस्पेंड असेल तर तिथे तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि मेलही आलेली असते. काही वेळा दुकान मॅपवर लोकांना दिसत राहतं, पण त्यावरचा तुमचा ताबा मर्यादित होतो. काही वेळा ते मॅप आणि सर्च दोन्हींतून पूर्ण उडतं. दोन्हींसाठी रस्ता अपीलचाच.

पडताळणी पुन्हा करा असं लिहिलं असेल तर ते सस्पेन्शन नव्हे. तिथे बहुधा दुकानाचा व्हिडिओ पाठवायचा असतो. अपील करून उपयोग नाही. ‘कायमचं बंद’ असं दिसत असेल तर कुणीतरी तशी सूचना पाठवली असण्याची शक्यता असते. प्रोफाइलमध्ये जाऊन दुकान चालू असल्याचं नोंदवा. फक्त नवे रिव्ह्यू येणं थांबलं असेल तर ती खोट्या रिव्ह्यूंच्या संशयावरून लावलेली वेगळी बंदी असू शकते.

तुमच्या खात्यातली सगळीच प्रोफाइलं एका झटक्यात सस्पेंड झाली असतील, तर अडचण बहुधा एखाद्या दुकानात नसून जीमेल खात्यात आहे. प्रोफाइल सांभाळायला ज्या एजन्सीला मॅनेजर केलं होतं, तिच्याच खात्यावर कारवाई झाली आहे का, हेही विचारून घ्या.

नाव: सर्वांत जास्त प्रोफाइलं इथेच अडकतात

गुगलचा नियम साधा आहे. पाटीवर, बिलावर, लोकांच्या तोंडी जे नाव आहे तेच प्रोफाइलवर. समजा पाटीवर ‘श्री गणेश रेफ्रिजरेशन’ आहे आणि प्रोफाइलवर ‘श्री गणेश रेफ्रिजरेशन – बेस्ट एसी फ्रिज रिपेअर कोथरूड पुणे २४ तास’. डॅशनंतरचं सगळं काढायचं. सेवा लिहायला सेवांचा रकाना आहे, भागाचं नाव पत्त्यात येतंच, आणि वेळेसाठी वेळापत्रक आहे. शब्द घुसवून वर दिसणारे शेजारी दुकानदार पाहून मोह होतो, पण त्यांच्यावर कारवाई झाली नाही हा तुमच्या अपीलमधला मुद्दा होऊ शकत नाही.

दुसरी भानगड स्पेलिंगची, आणि ती खास आपल्याकडची. महाराष्ट्रात दुकानाची पाटी ठळक मराठीत लावणं बंधनकारक आहे. देवनागरीत ‘श्री’ एकच. इंग्रजीत मात्र जीएसटीवर तो दोन ‘ई’ लावून लिहिलेला असतो, प्रोफाइलवर एक ‘आय’ लावून, आणि उद्यम (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) प्रमाणपत्रावर मागे ‘एंटरप्रायझेस’ जोडलेलं. तुम्हाला हे तिन्ही एकच वाटतात. कागद ताडून पाहणाऱ्याला ती तीन वेगळी दुकानं वाटू शकतात. जीएसटी किंवा शॉप अॅक्टवरचं (दुकानाच्या नोंदणीवरचं) इंग्रजी स्पेलिंग प्रमाण माना, प्रोफाइल अक्षर न् अक्षर तसं करा, आणि पाटीवर मराठी नावाखाली लहान अक्षरांत तेच इंग्रजी स्पेलिंग रंगवून घ्या. पेंटरचं तासाभराचं काम आहे. पुढे फोटो आणि व्हिडिओ दोन्हीकडे ते उपयोगी पडतं.

पाटी पक्की हवी. ग्रिलला सुतळीने बांधलेला फ्लेक्स तात्पुरता दिसतो आणि तो तसाच धरला जातो. पत्र्याची, अॅक्रिलिकची किंवा भिंतीवर रंगवलेली पाटी चालते.

पत्ता

जीएसटीवर ‘सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, प्लॉट नंबर’ असा सातबाऱ्याच्या भाषेतला पत्ता असतो आणि प्रोफाइलवर ‘अमुक रोड, तमुक हॉटेलसमोर’. जागा एकच, पण कागदावरून तसं कळत नाही. प्रोफाइलच्या पत्त्यात दुकान नंबर, इमारतीचं नाव आणि सर्व्हे किंवा प्लॉट नंबर कागदाप्रमाणे लिहा, मग रस्ता. पिनकोड सगळीकडे सारखा आहे ना, ते पाहा. मॅपवरची पिन रस्त्याच्या मधोमध नको, दुकानाच्या दारावर हवी.

छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगरच्या व्यावसायिकांचे जुने कागद शहराच्या जुन्या नावाने असतात. ते सगळे नव्याने काढायची गरज नाही. अपीलमध्ये एक वाक्य लिहा की शहराचं नाव शासनाने बदललं आहे, जागा आणि पिनकोड तोच आहे.

गिऱ्हाईक तुमच्याकडे येत नसेल, तुम्हीच त्याच्याकडे जात असाल, म्हणजे प्लंबिंग, पेस्ट कंट्रोल, घरपोच डबा वगैरे, तर घरचा पत्ता लोकांना दिसता कामा नये. प्रोफाइलमधून तो काढून फक्त सेवा देण्याचे भाग भरा. असे भाग जास्तीत जास्त वीस भरता येतात आणि ते मूळ ठिकाणापासून साधारण दोन तासांच्या गाडीच्या अंतरात असावेत. पुण्यात राहून नागपूर, नाशिक, कोल्हापूर भरणं म्हणजे संशयाला आमंत्रण.

को-वर्किंगमधलं (अनेकांनी मिळून वापरायच्या ऑफिसमधलं) टेबल, भाड्याने घेतलेला नुसता टपालाचा पत्ता, मित्राच्या दुकानातला कोपरा यांवर प्रोफाइल टिकत नाही. को-वर्किंग चालतं ते तिथे तुमची स्वतःची पाटी असेल, कामाच्या वेळेत तुमचाच माणूस बसत असेल आणि गिऱ्हाईक येत असेल तरच. केवळ ऑनलाइन विक्री करणारा धंदा मुळात या सेवेत बसत नाही. शाळेच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा भरणारा क्लास त्या हॉलच्या पत्त्यावर स्वतःचं प्रोफाइल काढू शकत नाही, आणि भाड्याने किंवा विक्रीला असलेल्या रिकाम्या फ्लॅटचंही प्रोफाइल होत नाही. अशा प्रकरणात अपील जिंकण्याची आशा धरू नका, वेळ दुसरीकडे लावा.

कागदांची जमवाजमव

गुगल जे मागतं ते असं: व्यवसाय नोंदणी, परवाना, कराचं प्रमाणपत्र, आणि त्या जागेचं वीज, फोन, पाणी, गॅस किंवा इंटरनेटचं बिल. आपल्याकडे त्याचा अर्थ काय होतो, ते एकेक करून पाहू.

जीएसटीचं प्रमाणपत्र, म्हणजे आरईजी-०६, सर्वांत वजनदार. पण त्यात एक खोच आहे. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात ‘कायदेशीर नाव’ म्हणून मालकाचं स्वतःचं नाव येतं, आणि दुकानाचं नाव ‘ट्रेड नेम’ या वेगळ्या रकान्यात. नोंदणीच्या वेळी बऱ्याच जणांनी हा रकाना कोरा सोडलेला असतो. मग प्रमाणपत्रावर दुकानाचं नावच नसतं आणि ते जोडूनही पुरावा लंगडा राहतो. पहिल्या पानावर ट्रेड नेम छापलंय का, ते आत्ताच उघडून बघा. नसेल तर पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज टाका. मंजुरीला पंधरा कामाचे दिवस लागू शकतात, तोवर बाकीच्या कागदांवर भिस्त ठेवा. दुकान मुख्य पत्त्यावर नसून शाखा असेल तर शाखेचा पत्ता जोडपत्रात असतो, तेव्हा पहिलं पान एकटं न देता पूर्ण पीडीएफ द्या.

शॉप अॅक्ट, जुन्या भाषेत गुमास्ता. मोठ्या आस्थापनांना नोंदणी प्रमाणपत्र मिळतं, लहान दुकानांना सूचना दिल्याची पावती. पावती आहे म्हणून ती कमी दर्जाची समजू नका. नाव, पत्ता आणि धंद्याचा प्रकार तिच्यावर असतो, तेवढं पुरतं.

जीएसटी नसेल तर उद्यम नोंदणी काढा. सरकारी पोर्टलवर ती विनामूल्य आहे. हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट पैसे मागतात, तेव्हा पत्ता नीट वाचून मगच आधार क्रमांक टाका. खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर चौदा आकडी नंबर असलेला एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेचा) परवाना किंवा नोंदणीही जोडा.

आता लाईट बिल. गाळा भाड्याचा असला की महावितरणचं बिल जागामालकाच्या नावाचं, आणि अपील इथेच घसरतं. असं बिल एकटं देऊ नका. त्याच्यासोबत नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे भाडेकरार जोडा, म्हणजे मालकाचं नाव, जागा आणि तुमचं नाव एका धाग्यात येतं. याहून सोपा उपाय म्हणजे दुकानाचं ब्रॉडबँड कनेक्शन व्यवसायाच्या नावाने घेणं. पुढच्या महिन्यापासून नाव आणि पत्ता दोन्ही असलेलं बिल दर महिन्याला हातात पडतं.

सगळे कागद पोर्टलवरून उतरवलेल्या मूळ पीडीएफमध्ये ठेवा. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेला अर्धवट, तिरका फोटो नको. बिल गेल्या दोन-तीन महिन्यांतलं असावं. आधार आणि पॅन पाठवू नका. त्यांवरून धंद्याची जागा सिद्ध होत नाही आणि खासगी माहिती मात्र बाहेर जाते. आणि कागदावरचं नाव जुळत नाही म्हणून पीडीएफमध्ये स्वतः अक्षरं बदलण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला दारातूनच परत पाठवा. ती बनावटगिरी आहे.

अपील

प्रोफाइलमधली चूक दुरुस्त झाली, कागद एका फोल्डरमध्ये आले, दुकानाचे फोटो काढून झाले, की मगच बसायचं. शक्यतो लॅपटॉपवर, आणि लाईट जाण्याची वेळ सोडून.

१. ज्या जीमेलवर प्रोफाइल आहे त्याने लॉगिन करून गुगलचं अपीलचं साधन उघडा. ते सुरुवातीलाच खातं विचारून घेतं. चुकीचं खातं असेल तर इथेच बदला.

२. यादीतून आपलं प्रोफाइल निवडा. कोणत्या धोरणाखाली कारवाई झाली, ते इथे दिसतं. शब्द मोघम असतात, तरी त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. ‘अपील करता येईल’ असं लिहिलेलं असेल तर पुढे जा.

३. अपील पाठवा. पाठवल्याबरोबर पुरावे जोडण्याचा पर्याय येतो आणि साठ मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. ही खिडकी बंद करू नका. ‘नंतर जोडू’ म्हटलं तर तो पुरावा धरला जात नाही.

४. कागद चढवा. पहिला जीएसटी किंवा शॉप अॅक्ट, मग बिल, मग करार.

५. लिहायला जिथे जागा मिळते तिथे साध्या इंग्रजीत चार-पाच वाक्यं लिहा. मजकुराचा सांगाडा असा ठेवा: ‘आमचं एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान या पत्त्यावर आहे. प्रोफाइलच्या नावात जादा शब्द होते, ते काढून पाटीप्रमाणे नाव केलं आहे. सोबत जीएसटी प्रमाणपत्र, शॉप अॅक्ट पावती आणि या महिन्याचं इंटरनेट बिल जोडलं आहे. वीज बिल जागामालकाच्या नावे असल्याने नोंदवलेला भाडेकरार दिला आहे.’ बस. धंद्याचं किती नुकसान झालं, घर कसं चालतं, हे खरं असलं तरी तपासणाऱ्याला त्यावरून निर्णय देता येत नाही.

उत्तराला साधारण पाच कामाचे दिवस धरा, जास्तही लागतात. या काळात प्रोफाइलला हात लावू नका, दुसरं अपील टाकू नका. त्याच साधनात जाऊन स्थिती पाहता येते.

मंजूर झालं तर प्रोफाइल परत दिसायला लागतं. रिव्ह्यू आणि फोटो कधी कधी थोडे मागाहून येतात, त्यासाठी लगेच तक्रार नको. नामंजूर झालं तर आणखी एकदा तपासणीची विनंती करता येते. पण तेच कागद पुन्हा पाठवून निकाल बदलेल असं धरू नका. नेमकं काय जुळलं नव्हतं ते शोधा: ट्रेड नेम, पिनकोड, पाटी. ते दुरुस्त करून नवा पुरावा हाती आला की मगच विनंती करा, भले त्यात तीन आठवडे जावोत.

व्हिडिओ मागितला तर

पडताळणीचा व्हिडिओ सलग हवा, किमान तीस सेकंदांचा, मध्ये कुठेही न तोडलेला. एक-दीड मिनिटात आरामात बसतो. रस्त्यावरून सुरुवात करा: चौकाच्या नावाचा फलक किंवा शेजारच्या बँकेची पाटी दिसू द्या. मग चालत आपल्या पाटीपर्यंत या आणि ती वाचता येईल इतका वेळ कॅमेरा स्थिर धरा. यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा. दुकान तुमचंच आहे हे हाताने दाखवायचं असतं. किल्लीने कुलूप काढून शटर वर करा, काउंटरच्या आत जा, गल्ला किंवा बिलिंगचं मशीन सुरू करा, गिऱ्हाईक जाऊ शकत नाही अशा मागच्या खोलीत शिरा. नुसतं बाहेरून दुकान कोणीही टिपू शकतो, आणि असे व्हिडिओ परत येतात. घरून किंवा गाडीवरून काम करणाऱ्यांनी हत्यारं, नाव लिहिलेली गाडी, छापील बिलबुक दाखवावं. माणसांचे चेहरे आणि बँकेचे आकडे व्हिडिओत येऊ देऊ नका.

पुन्हा सस्पेंड होऊ नये म्हणून

नाव, पत्ता, फोन आणि वर्गवारी एकाच दिवशी बदलू नका. एक बदल करा, तो स्वीकारला गेला की पुढचा. दुकान दुसरीकडे हलवलं तर जुनं प्रोफाइल ‘कायमचं बंद’ करून नवं काढू नका. आहे त्यातच पत्ता बदला. मात्र आधी नव्या जागेची पाटी लावा आणि जीएसटी व शॉप अॅक्टवर पत्ता बदलून घ्या, कारण पत्ता बदलला की पुन्हा पडताळणी मागितली जाऊ शकते.

एका धंद्याचं एका जागी एकच प्रोफाइल. एसी दुरुस्ती, फ्रिज दुरुस्ती, वॉशिंग मशीन अशी तीन वेगळी काढणं हे सस्पेन्शनचं हमखास कारण. मुख्य वर्गवारी एक ठेवा, बाकीच्या जोड-वर्गवाऱ्या म्हणून भरा.

‘पाच तारे द्या, दहा टक्के सूट घ्या’ अशी चिठ्ठी काउंटरवर असेल तर आजच काढा. रिव्ह्यूच्या बदल्यात काहीही देणं नियमबाह्य आहे. खूश गिऱ्हाइकालाच लिंक पाठवून नाराजाला टाळणं हेही त्यातच मोडतं.

सस्पेंड झाल्यावर फोनही यायला लागतात: ‘आम्ही गुगलमधून बोलतोय, अमुक हजार भरा, उद्या चालू करून देतो.’ अपीलला एक रुपयाही लागत नाही आणि गुगल प्रोफाइल चालू करायचे पैसे घेत नाही. फोनवर ओटीपी किंवा पडताळणीचा कोड सांगितला तर प्रोफाइल दुसऱ्याच्या हातात जातं.

आणि मुख्य मालकी तुमच्या स्वतःच्या जीमेलवर हवी. प्रोफाइल एजन्सीने किंवा भाच्याने काढून दिलेलं असेल, तर सस्पेन्शनची मेल त्यांच्याकडे जाते आणि तुम्हाला ती पंधरा दिवसांनी कळते. त्यांना सांगून स्वतःला मालक म्हणून जोडून घ्या. जोडल्यावर सात दिवस थांबावं लागतं. त्याआधी मुख्य मालकी हलवता येत नाही, दुसऱ्याला काढताही येत नाही. आठव्या दिवशी मुख्य मालकी स्वतःकडे घ्या, एजन्सीला फक्त मॅनेजर ठेवा, आणि त्या जीमेलचा पासवर्ड व रिकव्हरी नंबर घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला ठाऊक असू द्या.